बेल वाजवून एक पायरी खाली

जानेवारीच्या शेवटी जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात दिव्यांच्या खांबांवर चेहरे येतात. पुठ्ठ्याचे फलक, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेले, एकाखाली एक, कधी एकाच खांबावर तीन पक्षांचे. सायकलवरून कामाला जाणारी माणसं त्यांच्याकडे बघत नाहीत. पाऊस पडतो, पुठ्ठा फुगतो, एखाद्या उमेदवाराचा गाल सुटून लोंबू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी नवा फलक लावून जातं. साधारण याच दिवसांत नदीकाठच्या ओल्या कुरणांवर करकोचे उतरतात आणि बेकरीत जॅम भरलेले क्राफेन येतात. नगर परिषदेची निवडणूक बव्हेरियात सहा वर्षांनी एकदा, मार्चमध्ये होते. त्यामुळे ज्यांनी असा एखादा हंगाम जवळून पाहिला आहे, त्यांच्या डोक्यात करकोचे, क्राफेन आणि फुगलेला पुठ्ठा यांची एक कायमची गाठ बसते.

यंदा आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर मृणाल शिंत्रेचा चेहरा आहे. मागच्या खेपेला तिचा फलक नव्हता. पक्षाच्या यादीत इतक्या खाली नाव असलेल्यांचे फलक कुणी छापत नाही. मागच्या खेपेला तिच्याकडे फक्त तिचे वडील होते, आणि तेही तिला नको होते.

मनोहर शिंत्रे, आम्हा शेजाऱ्यांचे काका, मूळचे मिरजेचे. इंजिनियर होऊन अमेरिकेला गेले, मधल्या भागातल्या एका मका-सोयाबीनच्या राज्यात, शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मुलीच्या शाळेच्या पालकसभेत बोलता बोलता शाळा मंडळावर गेले, तिथून राज्याच्या विधिमंडळात. अमेरिकेतलं राजकारण म्हटलं की इथल्या वाचकाला वॉशिंग्टन आठवतं. काकांचं राजकारण त्यापासून फार लांबचं होतं. ग्रामीण रस्ते, पाण्याचा निचरा, शाळांच्या बस, रुग्णवाहिका. दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि हिवाळ्यात अधिवेशन. विधिमंडळ जानेवारीत बसायचं आणि पेरणीच्या आधी उठायचं, कारण बरेचसे सदस्य शेतकरी होते.

राजधानीत त्यांनी दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली होती, विरोधी पक्षाच्या एका सदस्याच्या भागीत. त्याचं नाव डेल, धंदा डुकरं पाळण्याचा. "माझ्या प्रत्येक बिलाच्या विरोधात मत द्यायचा," काका सांगत, "आणि घरी आला की म्हणायचा, मनो, ते तुझं पिवळं कर ना. पिठलं. मी म्हणायचो, आधी भांडी घास."

"एकदा तरी तुमच्या बाजूने मत दिलं का?" मी विचारलं.

"एकदा. ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या वेळी. सभागृहात उठून म्हणाला, शिंत्रेचं बाकी सगळं चूक असतं, हे बरोबर आहे."

ट्रॅक्टरच्या दिव्यांचा कायदा एका पानाचा होता. अंधार पडल्यावर सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या शेतीच्या वाहनांना मागच्या बाजूला लाल दिवा आणि परावर्तक पट्टी हवी, एवढंच. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत स्वतःचं म्हणून त्यांनी तेवढं एकच पान मानलं. एर्लांगेनमध्ये आल्यावर त्यांना पहिल्यांदा आवडल्या त्या इथल्या सायकली. संध्याकाळी ते खिडकीत उभे राहून मागचे लाल दिवे बघत. "प्रत्येकाला आहे बघा," ते म्हणत, "एकही चुकत नाही." मग एखादा विद्यार्थी बिनदिव्याचा जाई आणि काका जिभेने चक् करत.

मृणालची आई गेल्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. काका पहिल्यांदाच इतक्या मोठ्या मुक्कामाला लेकीकडे आले होते. मृणाल इथल्या विद्यापीठात शिकायला आली ती राहिली, वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात नोकरीला लागली, पुण्याच्या केदारशी लग्न केलं आणि पुढे अमेरिकेचा पासपोर्ट परत देऊन जर्मन झाली. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले होते, वर्तमानपत्राची नोकरी सोडून संशोधनासाठी. काका मला संपादकबाई म्हणत. मी उपसंपादक होते हे सांगून पाहिलं. "निवडून यायच्या आधी मीही उपच होतो," म्हणाले.

मृणाल उभी आहे हे त्यांना संक्रांतीच्या दिवशी कळलं, आणि तेही भर कार्यक्रमात. मराठी मंडळींनी शाळेचा हॉल घेतला होता. तिळगूळ, हळदीकुंकू, कोपऱ्यात मुलं आपसात जर्मन बोलत होती. एका बाईंनी माइकवरून जाहीर केलं की आपली मृणाल नगर परिषदेच्या निवडणुकीला उभी आहे. टाळ्या झाल्या. काकांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग लेकीकडे पाहिलं.

"मला बोलली नाहीस."

"बोलणार होते, बाबा."

मग काकांनी माइक मागून घेतला आणि विचारलं, "इथे जमलेल्यांपैकी मत किती जणांना आहे?" हात वर झाले ते बोटांवर मोजता येतील इतकेच. परदेशी नागरिकांना, युरोपीय संघातले सोडले तर, इथे मत नाही. इंजिनियर, डॉक्टरेट करणारे, वर्षानुवर्षं कर भरणारे, सगळे टाळ्या वाजवणारे होते. काकांनी माइक परत दिला. "मग तिळगूळ घ्या," म्हणाले, "आणि शेजाऱ्यांना द्या."

घरी आल्यावर त्यांनी नमुना मतपत्रिका मागितली. बव्हेरियातली ही मतपत्रिका उलगडली की जेवणाच्या टेबलावर मावत नाही. जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला, आणि ती हवी तशी वाटता येतात. कुठल्याही यादीतला कुठलाही माणूस उचलता येतो आणि एकाच उमेदवाराला तीनपर्यंत मतं देता येतात. पक्षाने तळाला टाकलेला माणूस मतदार वर ओढून आणू शकतात. केदार इथे बारा वर्षं राहिला होता, पण त्याने हे कधी समजून घेतलं नव्हतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून बोट यादीवरून खाली खाली नेलं. तळाच्या जवळ शिंत्रे हे नाव आलं तेव्हा बोट थांबलं. स्वतः निवडणूक हरले तेव्हापासून हे आडनाव त्यांनी मतपत्रिकेवर पाहिलं नव्हतं.

"इथून वर जाता येतं म्हणतेस?"

"थिअरीत," मृणाल म्हणाली. "बाबा, ऐका. ही निवडणूक माझी आहे. तुम्ही यात पडायचं नाही. इथे ती तुमची अमेरिकन स्टाइल चालत नाही."

"मी कुठे काय म्हणालो?"

"अहो, तुमचे बूट दाराशी काढून ठेवलेत तुम्ही. वॉकिंग शूज, दारोदार फिरायचे. मी ओळखते ते बूट."

त्या हंगामात पणाला काय लागलं होतं हे मला तेव्हा कळलं. मृणालचा मुद्दा एका उपनगरातली संध्याकाळची बस हा होता. रुग्णालयाची दुपारची पाळी संपल्यावर घरी जाणाऱ्या परिचारिकांना ती हवी होती. पण बसच्या पलीकडे तिला आणखी एक गोष्ट हवी होती. वडिलांच्या मदतीशिवाय, त्यांच्या पद्धतीशिवाय एक निवडणूक लढवायची होती. आणि वडिलांना तिच्या कामी यायचं होतं, निदान एकदा.

चूक फेब्रुवारीत झाली, एका रविवारी. थंड, स्वच्छ दिवस होता. चर्चच्या घंटा थांबल्या होत्या आणि खालच्या मजल्यावरून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. मृणाल आणि केदार बाजारपेठेतल्या प्रचाराचं सामान लावायला गोदामात गेले होते. काकांनी पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि बूट चढवले. नात ईरा म्हणाली, "आजोबा, हॉइटे इस्ट झोनटाग." आज रविवार आहे, असं ती बजावत होती. आजोबांना एवढं जर्मन समजत होतं. "येस, झोनटाग!" ते म्हणाले. "बेस्ट डे!"

त्यांच्या राज्यात तो खरंच सर्वांत चांगला दिवस होता. प्रार्थना झालेली, जेवण झालेलं, माणसं घरात, मन जरा मऊ. दहा-बारा वर्षं त्यांनी रविवारच्या दुपारी बेल वाजवल्या होत्या. इथे रविवारी कुणी खिळा ठोकत नाही, रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकत नाही. काकांनी अख्खा रस्ता केला. इथल्या बेलवर आडनाव लिहिलेलं असतं याचा त्यांना विलक्षण आनंद झाला होता. "आमच्याकडे प्रत्येक घरासाठी कागद बघायला लागायचा," त्यांनी नंतर मला सांगितलं. "इथे माणसाने नाव दारावरच टांगलंय. म्हणजे हाक मारायचं आमंत्रणच की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालच्या गटाच्या प्रमुखांना ईमेल आला. लिहिणारे केलर नावाचे निवृत्त गृहस्थ, आमच्याच रस्त्याच्या टोकाच्या घरात राहणारे. एक अनोळखी वृद्ध इसम रविवारी जेवणाच्या वेळी बेल वाजवतो, इंग्रजीत बोलतो, नावाने हाक मारतो आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो. आपल्या यादीत कोणाला रविवार ठाऊक नाही काय, असा मजकूर. प्रमुखांनी तो मृणालला पुढे पाठवला, वर फक्त एक प्रश्नचिन्ह घालून.

मी दळण आणलं होतं, म्हणजे न्युर्नबर्गच्या दुकानातलं ज्वारीचं पीठ, ते द्यायला नेमकी तेव्हा खाली गेले. मृणालने लॅपटॉप वडिलांकडे वळवून ठेवला होता.

"एक गोष्ट सांगितली होती, बाबा. एकच."

"कुणी चिडलं नाही गं. एक बाई तर केक..."

"इथे लोक तोंडावर चिडत नाहीत. ईमेल लिहितात!"

"मृणाल, हळू," केदार म्हणाला. "बाबांचा हेतू..."

"त्यांचा हेतू नेहमीच चांगला असतो, केदार. गेनाऊ, अगदी बरोबर, हेतू! सगळा हिवाळा राजधानीत, उन्हाळा उजाडला की लोकांच्या दारात. आमच्या घराची बेल वाजली की आई म्हणायची, बाबा नसतील, त्यांच्याकडे किल्ली आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "शाळेचं मला कॉरिडॉरमध्ये कळलं होतं, बाबा. लॉकरपाशी. दुसऱ्या मुलीकडून."

शाळेचं म्हणजे काय ते काकांनी मला पुढे सांगितलं. त्यांच्या गावातलं हायस्कूल बंद करून शेजारच्या गावातल्या शाळेत मिसळायचं, असा प्रस्ताव विधिमंडळात आला होता. मुलं कमी झाली होती आणि शास्त्राचे शिक्षक मिळत नव्हते. काकांनी बाजूने मत दिलं. मृणाल त्याच शाळेत शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या शरद ऋतूत त्यांनी प्रत्येक दारात जाऊन बेल वाजवली. दारं उघडली, लोक सभ्य होते, कुणी कॉफी विचारली नाही. ते हरले. मृणाल त्याआधीच गाव सोडून गेली होती, आणि नंतर देशही.

त्या सकाळी स्वयंपाकघरात काकांनी टेबलावर पडलेले ब्रेडचे कण हाताने गोळा केले. "ते खरं आहे," म्हणाले. आणि मला, "संपादकबाई, तुमचं जर्मन कसं आहे?"

"कामापुरतं."

"मग चला. केलरसाहेबांकडे माफी मागून येऊ."

"बाबा!" मृणाल ओरडली.

"मतं मागत नाही. माफी मागतोय. त्याला तुझी परवानगी लागत नाही."

आम्ही गेलो ते दुपारी दीड वाजता. निवृत्त माणूस बाराला जेवतो आणि दीडला मोकळा असतो, हा काकांचा जुना हिशेब. श्री. केलर दारात आले. उंच, कॉर्डुरॉयची पँट, हातात चष्मा. माझं वाक्य पूर्ण होण्याआधी त्यांनी मनगट वर करून घड्याळ दाखवलं. एक ते तीन ही दुपारच्या विश्रांतीची वेळ आहे, मिटाग्सरुए, आणि हे मला तरी माहीत असायला हवं. दार बंद झालं. काकांना हसू आवरेना. "रविवारची माफी मागायला आलो आणि सोमवारची चढवून बसलो," म्हणाले. "चला, तीन वाजून गेल्यावर येऊ. आता सोडायचं नाही."

तोवर आम्ही कुरणाच्या कडेने फिरलो. कालव्याच्या पाण्यावर पातळ बर्फ होतं, बाकाच्या फळ्या ओल्या. तिथे ते शाळेबद्दल बोलले. "मत बरोबर होतं. आजही तसंच देईन. फक्त माझं आठवडाभर आधी ठरलं होतं. वाटलं, घरी निवांत वेळ मिळाला की सांगू. निवांत वेळ कधी मिळतो का कुणाला? ज्याला झळ लागणार आहे त्याला आधी सांगायचं असतं, संपादकबाई. मत देण्याच्या आधी. नंतर सांगितलं की ते नुसतं कळवणं होतं."

तीननंतर गेलो तेव्हा त्यांनी मला पद्धत दाखवली. श्री. केलर यांच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. काका वर चढले, बेल वाजवली आणि लगेच एक पायरी खाली उतरून, हात बाजूला सोडून उभे राहिले. "दार उघडणाऱ्याची नजर खाली आली पाहिजे," ते पुटपुटले. "घर त्याचं आहे. आपण वरच्या पायरीवर उभं राहिलो तर त्याला वाटतं आपण आत घुसतोय. आणि खाली उभ्या माणसाला सगळं ऐकून घ्यावं लागतं, हे त्यालाही बरं वाटतं."

श्री. केलर यांनी ऐकवलंही. रविवार, दुपार, परस्पर नावाने हाक, असं ओळीने. काकांनी मान हलवत ऐकलं. मग केलर इंग्रजीकडे वळले, जपून, शब्द निवडत, आणि त्यांनी विचारलं की तुम्ही अमेरिकेत हा व्यवसाय करत होता का. काका म्हणाले, हो, राज्याचा प्रतिनिधी होतो, पण हरलो. "का हरलात?" काकांनी सांगितलं. केलर स्वतः मोठ्या विद्युत कंपनीत होते, आणि त्यांचा विभाग बंद झाला ते त्यांना सूचनाफलकावरून कळलं होतं. हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. पुढे केव्हातरी कुंपणापाशी सांगितलं. त्या दिवशी फक्त एवढं म्हणाले, "तुमची मुलगी बसबद्दल काय म्हणते? आल्झो, म्हणजे असं, ते तिने स्वतः येऊन सांगावं. तीननंतर."

मृणाल गेली. मनाविरुद्ध, बुधवारी, साडेतीनला. वडील फाटकापाशी थांबले. परत आली तेव्हा तिच्या हातात केलरबाईंनी दिलेले दोन क्राफेन होते आणि चेहरा गोंधळलेला. "तासभर प्रश्न विचारले त्यांनी. फेऱ्यांच्या वेळा, थांबे, सगळं. मी पायरीवर उभी. आत बोलावलं नाही."

"बोलावणार नाहीत," काका म्हणाले. "पण मतपत्रिका समजावून घेतली की नाही?"

"तीन मतं कशी द्यायची ते विचारलं."

"मग झालं तर."

त्यानंतर तिने बुटांबद्दल काही म्हटलं नाही. संध्याकाळी दोघं एकत्र निघायला लागले. रविवार सोडून, तीननंतर आणि जेवणाच्या आधी. एकदा मी त्यांना रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. ती बेल वाजवून तिथेच उभी राहायची आणि काका मागून हळूच तिच्या कोटाची बाही ओढायचे. ती झटकायची. पुढच्या दारी पुन्हा तेच.

मग मार्च उजाडला आणि साथीच्या भीतीने माणसांनी हात मिळवणं बंद केलं. आता आठवताना विचित्र वाटतं, पण त्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुणालाच पुढचं माहीत नव्हतं. बाजारपेठेतली प्रचाराची टेबलं उचलली गेली. सभा रद्द झाल्या. दाराशी जाणारे थोडेफार उमेदवार होते तेही थांबले, कारण उंबरठ्यावर इतकं जवळ उभं राहायचं कसं? ज्याची सारी कला हातात हात घेण्यात होती, तो माणूस हात कोटाच्या खिशात घालून फिरू लागला. पण पायरी होती. काका दोन पायऱ्या खाली उतरू लागले, कधी पार अंगणात. मृणालही उतरू लागली. कुणाला बाही ओढावी लागली नाही. दार उघडणारी माणसं आधी दचकत, मग अंतर बघत आणि निर्धास्त होऊन बोलत. शेवटच्या आठवड्यात त्या उपनगरात बेल वाजत होती ती बहुधा या दोघांचीच. एका परिचारिकेने दारातून विचारलं, की तुम्हाला भीती नाही वाटत? मृणालने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या वयाचा विचार तिच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला असावा, कारण त्या संध्याकाळपासून तिने त्यांना घरी बसवलं. शेवटचे दिवस ती एकटीच गेली. काका खिडकीत.

तळातून वर ओढल्या जाणाऱ्या नावांची मोजणी लांबते. मतदानाच्या रविवारनंतर ती दिवसेंदिवस चालली होती, आणि तेवढ्यात शाळा बंद झाल्या, रस्ते ओस पडले. निकाल घरच्या संगणकावर पाहिला. मृणाल यादीच्या तळातून खूप वर आली होती आणि एका जागेने राहिली होती. राखीव क्रमांकात पहिली, म्हणजे यादीतल्या कुणी जागा सोडली तर ती हिची. केदारने मोठ्याने श्वास सोडला. मृणाल पडद्याकडे बघत राहिली.

"हरले," ती म्हणाली.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "इतक्या खालून इतकं वर? मी आयुष्यात एवढं चाललो नसेन." मग म्हणाले, "हरल्यावर पहिलं काम काय असतं माहितेय? ज्यांनी मत दिलं त्यांचे आभार मानायला पुन्हा बेल वाजवायची. डेल म्हणायचा, त्या दिवशी खरा उमेदवार दिसतो. तो स्वतः कधी गेला नाही, ते सोड."

ती हसली. वडिलांच्या गोष्टीवर हसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

विमानं बंद झाली आणि काका उन्हाळ्यापर्यंत अडकले. शतावरीचा मोसम आला, गेला. ते रोज रिकाम्या रस्त्यावरून फिरत आणि बेलवरची नावं वाचत. केलरसाहेब कुंपणाच्या आत, काका बाहेर, दोघं इंग्रजीत बोलत. पुढे यादीतल्या एका सदस्याला इंगोलश्टाटच्या मोटारकारखान्यात नोकरी लागली. तो शहर सोडून गेला आणि राखीव क्रमांकातली पहिली म्हणून मृणाल परिषदेत बसली. संध्याकाळची बस काही महिन्यांनी सुरू झाली. ती मृणालमुळे सुरू झाली असं म्हणता येणार नाही. बसच्या बाजूने बऱ्याच जणांनी मत दिलं, त्यात ती एक होती.

आता पुन्हा तोच हंगाम आहे. या वेळी परिषदेपुढे आमचाच रस्ता आहे. एका बाजूचं पार्किंग काढून तिथे सायकलींसाठी मार्गिका करायची, असा प्रस्ताव. मतदान निवडणुकीनंतरच्या बैठकीत. मृणालचं ठरलं आहे, ती बाजूने मत देणार. जी गाडी लावायची जागा जाईल ती थेट श्री. केलर यांच्या दारासमोरची आहे. पत्नीला चालता येत नाही तेव्हापासून ती जागा त्यांना रोज लागते. आणि हा रस्ता मृणालचा आहे. मागच्या खेपेला तिला वर ओढलं ते याच रस्त्याने.

गेल्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात पुन्हा जुनाच पेच पडला होता, फक्त माणसं बदलली होती.

"दोन आठवडे गप्प राहिलीस तर काय बिघडतं?" केदार म्हणत होता. "खोटं बोल असं नाही म्हणत मी. कुणी विचारलंय का तुला? नाही ना? निवडून ये, मग सांग."

"बाबाही थांबलेच होते, केदार. निवांत वेळ बघत."

"बाबा हरले ते थांबले म्हणून नाही. मत दिलं म्हणून."

"माहितेय मला."

काका आता अमेरिकेत, आपल्याच गावातल्या वृद्धनिवासात असतात. गुडघे गेले आहेत, विमानप्रवास संपला आहे. ज्या गावाने त्यांना पाडलं त्याच गावातली माणसं त्यांना भेटायला येतात, बरीचशी त्या बंद पडलेल्या शाळेत शिकलेली. डेलही येतो, त्याला पिठल्याऐवजी आता तिथलं सूप मिळतं. मृणालने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सगळं सांगितलं. काय करू, असं तिने विचारलं नाही. काकांनीही काही सांगितलं नाही.

"बाईंना अजिबात चालता येत नाही?" त्यांनी विचारलं.

"वॉकर घेऊन. थोडं."

"मग ते रागावणार. रागावू दे. आणि..." फोनवर जरा खरखर झाली. "पार्किंगच्या बदल्यात काय, ते आज आश्वासन देऊ नकोस. आधी ऐकून घे."

"हो, बाबा."

"आणि मृणाल, तिकडे किती वाजलेत?"

ती उठली. पत्रकं घेतली नाहीत. मी बरोबर गेले, फाटकापर्यंत. ऊन होतं, पण उबदार नाही. खांबावरच्या फलकात तिचा गाल एका कोपऱ्यातून सुटला होता. समोर केलरसाहेबांची जुनी गाडी नेहमीच्या जागी, मागच्या सीटवर घडी केलेला वॉकर.

मृणाल तीन पायऱ्या चढली. बेलवरचं नाव तिने वाचलं, जणू पहिल्यांदाच येत होती. बेल वाजवली आणि एक पायरी खाली उतरली. मग, थोडं थांबून, आणखी एक.

आतून पावलं आली. दार उघडलं. श्री. केलर यांनी आधी मनगट वर करून घड्याळ पाहिलं आणि मग नजर खाली, तिच्याकडे आणली. तीन वाजून गेले होते. ते दार धरून उभे राहिले, आणि मृणाल बोलू लागली.